अभयारण्य कोणाच्या नावाने?

ग्वाल्हेरपासून दोनशे किलोमीटरांच्या आत संरक्षित वनक्षेत्रांचे जवळपास सगळे नमुने पाहायला मिळतात. शहर सोडले की नैऋत्येला घाटीगावचे अभयारण्य लागते, त्याच मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे गेले की शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान येते, शिवपुरीहून झाशीकडे वळले की करैरा, पश्चिमेला श्योपूरच्या अंगाला कुनो आणि उत्तरेला चंबळ. शिंदेशाहीच्या काळात इकडे येऊन स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांना यांपैकी शिवपुरी तेवढी घरची वाटते. छत्री, तलाव आणि उन्हाळ्यातली थंड हवा यांपलीकडे मात्र त्या जंगलाचा विचार आम्ही सहसा केलेला नाही. तो करण्याची वेळ आली आहे, कारण या भागात एका अभयारण्याचा दर्जा काढून घेतला गेला, दुसऱ्याचा काही भाग वगळला गेला, तिसरे व्याघ्र प्रकल्प झाले आणि चौथ्यात परदेशातून चित्ते आणून सोडले गेले. हे चारही निर्णय एकेका प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या नावाने झाले आहेत. माझा आक्षेप नेमका या पद्धतीला आहे.

संरक्षित क्षेत्रांचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न मी वादाचा मानत नाही. होतो. चंबळ घ्या. 1970च्या दशकाच्या मध्यावर भारतात मुक्त वावरणाऱ्या घडियालांची, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरींची, संख्या दोनशेच्याही खाली गेल्याचा अंदाज होता. 1975 साली मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, त्या दशकाच्या अखेरीस तीन राज्यांतून वाहणाऱ्या या नदीचा लांब पट्टा अभयारण्य म्हणून घोषित झाला, वाळूतली अंडी गोळा करून मुरैनाजवळ देवरी येथे पिले वाढवून ती नदीत सोडण्यात आली, आणि आज जगातल्या घडियालांपैकी सर्वांत मोठा हिस्सा याच नदीत आहे. हे श्रेय अभयारण्याला नाकारता येणार नाही. ज्या नद्यांना असे कवच मिळाले नाही, त्यांतून हा प्राणी बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला.

जमिनीवरच्या जंगलाचे गणितही याहून फार वेगळे नाही, फक्त ते हळू चालते. आमच्याकडचे जंगल म्हणजे कोकणातले हिरवे रान नव्हे. इथे खडकाळ, उथळ माती, धावड्याच्या कुळातली करधई, सालई, खैर आणि पळस अशी पानगळीची झाडे असतात आणि मे महिन्यात सगळे रान वाळून काटकी झाल्यासारखे दिसते. अशा जंगलाला गाय, शेळी, कुऱ्हाड आणि वणवा या चार गोष्टींपैकी कोणतीही एक वारंवार लागली, तर मोठी झाडे काही दशके उभी राहतात, पण त्यांच्या खाली नवे रोप टिकत नाही. सालईचे रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच चरले जाते, करधई छाटली जाऊन झुडपासारखी होते, वठलेले झाड सरपणाला जाते आणि त्याच्या ढोलीत राहणारे पिंगळे, पोपट, घोरपडी यांचा आसरा जातो. बाहेरून पाहणाऱ्याला जंगल आहे तसेच वाटते. खरे तर ते म्हातारे होत असते आणि त्याला वारस नसतो. चराई आणि तोड थांबवली की चार-पाच पावसाळ्यांत गवत परत येते, गवताबरोबर कीटक, कीटकांबरोबर पक्षी आणि चितळ-नीलगाय येतात. झाडांच्या नव्या पिढीला याहून अधिक काळ लागतो. कुनोत हे घडलेले दिसते. तिथली गावे उठल्यावर त्यांची शेते गवताळ मैदाने झाली आणि चितळांची संख्या पुढच्या दशकात काही पटींनी वाढली. संरक्षणाचा असा परिणाम दिसतो तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्नही विचारावा लागतो. त्याकडे मी पुढे येतो.

आधी करैरा पाहू, कारण चुकलेल्या हिशेबाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. माळढोक, ज्याला इकडे सोनचिरैया म्हणतात, त्याच्या रक्षणासाठी 1981 साली शिवपुरी जिल्ह्यातले सुमारे दोनशे चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले. हे जंगल नव्हते. गावे, शेते, पडीक माळ आणि तलाव यांचा तो प्रदेश होता आणि जमीन बहुतांशी शेतकऱ्यांच्या मालकीची किंवा महसुली होती. माळढोकाला असाच उघडा माळ लागतो, तेव्हा जागा निवडण्यात चूक नव्हती. चूक होती ती घनदाट, निर्मनुष्य जंगलासाठी घडवलेला कायद्याचा साचा वस्तीच्या माळावर जसाच्या तसा बसवण्यात. अभयारण्य झाले आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. ज्याच्या नावावर पाच-दहा बिघे जमीन आहे, त्याला आजारपणात किंवा मुलीच्या लग्नात ती विकता येईना. शिकार थांबल्यामुळे काळविटांची संख्या वाढली, ती वाढलेली हरणे हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या उभ्या पिकात शिरू लागली आणि नुकसानीची भरपाई मिळेल तेव्हा खरी, अशी स्थिती झाली. ज्या पक्ष्याबद्दल गावाला आधी काही वैर नव्हते, त्याच्या नावाने हे सारे होत आहे हे गावाला दिसत होते. 1990च्या दशकात करैऱ्यातून माळढोक नाहीसा झाला.

पक्षी गेला, बंदी मात्र राहिली. पुढची कित्येक वर्षे करैरा हे ज्याच्या नावाने काढले तो पक्षी नसलेले अभयारण्य होते, आणि गावकऱ्यांची एकच मागणी होती की आता तरी आमच्या जमिनी मोकळ्या करा. अखेर ते क्षेत्र अभयारण्यातून वगळण्यात आले. मी त्या शेतकऱ्यांच्या जागी असतो तर मीही तेच मागितले असते, आणि म्हणूनच मला या निर्णयाचा राग येत नाही. त्यामागच्या तर्काचा मात्र येतो. माळढोक नाही, म्हणून तिथे राखण्यासारखे काही नाही, असा तो तर्क आहे. काळवीट होते, हिवाळ्यात तलावावर उतरणारे बदक आणि करकोचे होते, माळावरचे तित्तीर, चंडोल, खोकड आणि गवताच्या देशी जाती होत्या. यांपैकी एकाचेही नाव मूळ घोषणेच्या केंद्रस्थानी नव्हते, त्यामुळे हिशेब मिटवताना ते कोणाच्या खात्यात धरले गेले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परके वाटू नये. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली घोषित झाले तेव्हा कागदावर त्याचा विस्तार 8,496 चौरस किलोमीटर होता. त्यात तालुक्याची गावे, बाजारपेठा, ऊसमळे, रस्ते असे सगळे आले. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर कोणत्याही वनखात्याची नजर राहू शकत नाही, आणि ज्यांचे घर बांधणे किंवा विहीर खणणे परवानगीत अडकले त्यांच्या मनात माळढोक हा शब्द शिवीसारखा बसला. पुढे न्यायालयाच्या परवानगीने ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरांवर आणले गेले, तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. प्रचंड रेघ मारायची, तिच्या आत काहीच करायचे नाही आणि तीस वर्षांनी रेघ पुसायची, हा आपला रिवाज झाला आहे.

एका प्राण्यावर सगळा डाव लावण्यात आणखी एक दोष आहे, तो जीवशास्त्राचा. माळढोकाची मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते. पक्षी जड आहे, समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. देशात आता हे पक्षी दीडशेच्या आत उरल्याचा अंदाज आहे, त्यांतले बहुतेक राजस्थानात, आणि तिथेही तारा जमिनीखाली घालाव्यात की नाही यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. अशा पक्ष्याचे जगणे-मरणे अभयारण्याच्या सीमेबाहेर ठरते. गिधाडांचे तसेच झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कोणत्याही राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला ते औषध अडवता आले नाही, कारण गिधाड एका दिवसात शेकडो किलोमीटर फिरून मेलेले जनावर शोधते. 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली तेव्हा कुठे घसरण मंदावली. याचा अर्थ उद्याने निरुपयोगी आहेत असा नाही. कड्यांवरची आणि उंच झाडांवरची त्यांची घरटी टिकायला शांत जागा लागतेच. पण एका प्रजातीचा आकडा हा त्या जागेच्या कारभाराचा निकाल म्हणून वाचणे चूक आहे. आकडा घटला तर दोष कदाचित शंभर कोसांवरच्या औषधाच्या दुकानाचा असेल, आणि वाढला तर श्रेय कदाचित केवळ पिंजऱ्यातून आणून सोडण्याचे.

आमच्या भागातल्या या एकप्राणी दृष्टीला इतिहासही आहे. शिवपुरीचे रान टिकले ते शिंदे सरकारांची शिकारगाह होते म्हणून. इतरांना मज्जाव होता, महाराज आणि त्यांचे पाहुणे मचाणावरून वाघ मारीत, आणि वाघ मिळावा म्हणून सांबर, चितळ आणि त्यांचे जंगल राखले जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरच्या रानात सोडण्याचा प्रयोगही केला. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर उठले आणि तो प्रयोग फसला. याच रानांच्या जागी आज माधव राष्ट्रीय उद्यान आणि कुनो आहे. शिकार गेली, कायदा आला, हेतू संपूर्ण बदलला, हे मान्यच आहे. तरीही एका दर्शनी जनावरासाठी रान राखायचे आणि आसपासच्या माणसाला त्या रानाचा चोर मानायचे, ही सवय शिकारगाहीतून कायद्याच्या काळात अलगद उतरली असे मला वाटते, आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने हे म्हणायला संकोचू नये.

त्या सवयीची सर्वांत मोठी किंमत कुनोच्या सहरिया आदिवासींनी मोजली. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे, एका साथीत सगळे सिंह जाऊ नयेत, हा विचार शास्त्राला धरून होता. त्यासाठी 1990च्या दशकाच्या अखेरीपासून कुनो अभयारण्यातली 24 गावे उठवण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतांश सहरिया. त्यांना बाहेर जमीन मिळाली, पण ती खडकाळ आणि कोरडवाहू, आणि जंगलातली जी मिळकत त्यांचे निम्मे घर चालवीत होती ती तुटली. सालईचा डिंक हे तिचे उदाहरण. उन्हाळ्यात झाडाची कागदासारखी सुटणारी साल कुऱ्हाडीने तळहाताएवढी खरवडायची, काही दिवसांनी तिथे जमलेला चिकट, सुगंधी डिंक काढून घ्यायचा, जखम थोडी वाढवायची आणि पुन्हा थांबायचे. जखम किती खोल करावी आणि झाडाला कोणत्या वर्षी विश्रांती द्यावी हे ज्याला कळते, तोच ते झाड वर्षानुवर्षे वापरू शकतो. ज्याला झाडाच्या उद्याशी देणेघेणे नाही, तो ठेकेदाराचा माणूस ते दोन हंगामांत वाळवून टाकतो. गाव उठले तेव्हा झाडांना जाणणारी माणसेही गेली. आणि सिंह आलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये सिंह सहा महिन्यांत कुनोला द्यावेत असे सांगितले, गुजरातने दिले नाहीत, आणि सप्टेंबर 2022 मध्ये त्याच रानात नामिबियाचे आठ चित्ते उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा. ज्या सिंहासाठी घर सोडले तो सिंह पाहायला न मिळालेल्या पिढीला चित्त्याचे कौतुक वाटावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

इथे दोन टोकांच्या मतांना उत्तर देणे भाग आहे. एक मत असे की जंगलात माणूस नकोच. दुसरे असे की संरक्षित क्षेत्र ही मुळातच परकी कल्पना आहे आणि आदिवासींच्या हाती दिले की जंगल आपोआप राहील. पहिले मत मला अर्धे मान्य आहे. गुरांचे कळप, मोटारसायकली आणि कुत्री ज्या रानात रोज फिरतात, तिथे वाघीण पिले वाढवू शकत नाही आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षीही तग धरत नाहीत, तेव्हा काही गाभा क्षेत्र माणसाविना असणे आवश्यकच आहे. कुनोतली गवताळ मैदाने गावे उठल्यामुळे झाली हे नाकारून उपयोग नाही. दुसऱ्या मताला मी जरा अधिक सावधपणे विरोध करतो. समाजाच्या हाती जंगल राहते ते त्या समाजाचा त्या झाडावर दहा वर्षांनंतरही हक्क असेल याची खात्री असते तोवर; बाजार आणि ठेकेदार यांच्या मध्ये सापडलेल्या, उद्याची शाश्वती नसलेल्या गावाकडून संयमाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. 2006चा वनहक्क कायदा नेमका या दुव्यावर बोट ठेवतो: आधी हक्क मान्य करा, मग गरज पटवा, मग ग्रामसभेच्या संमतीने हलवा. हा क्रम पाळला गेला असता तर कुनोचा आरंभ वेगळा झाला असता. पण कुनोची गावे त्या कायद्याच्या आधीच उठली होती.

शिवाय कागदावरचा सर्वोच्च दर्जाही पुरेसा नसतो, हे मध्य प्रदेशाइतके कोणाला ठाऊक असणार? पन्ना व्याघ्र प्रकल्पातले वाघ 2009पर्यंत पूर्णपणे संपले होते, शिकाऱ्यांनी संपवले, आणि दीर्घ काळ खात्याच्या कागदांत ते जिवंत होते. मग बाहेरून वाघ आणून, कारभार सुधारून तोच प्रकल्प उभा केला गेला, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. आता केन आणि बेटवा या नद्या जोडणाऱ्या प्रकल्पाच्या धरणाखाली त्याच्या गाभा क्षेत्राचा मोठा भाग जाणार आहे. गावकऱ्याने मोळी आणली तर गुन्हा आणि सरकारने धरण बांधले तर विकास, असा हिशेब गावात फार दिवस खपत नाही. चंबळेतही वाळू उपशावर बंदी आहे आणि उपसाही आहे. घडियाल मार्च-एप्रिलमध्ये ज्या वाळूत अंडी घालतो तीच वाळू ट्रॅक्टरमधून जाते. 2012 साली मुरैना जिल्ह्यात बेकायदा उत्खननाचा दगड नेणारा ट्रॅक्टर अडवताना एका तरुण आयपीएस अधिकाऱ्याचा जीव गेला, यावरून या धंद्याची ताकद लक्षात यावी.

मार्च 2025 मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प झाले. 2023 साली तिथे सोडलेले वाघ स्थिरावले आहेत, पिले झाली आहेत आणि शिवपुरीला पर्यटक येतील या आशेने हॉटेलवाले खूश आहेत. मलाही आनंद आहे. पण या उद्यानाचा गाभा पावणेचारशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, त्याला महामार्ग छेदून जातात आणि वाढत्या वाघांना तेवढी जागा पुरणार नाही. रणथंबोरहून निघालेला एक वाघ अनेक वर्षे कुनोत राहिला होता. म्हणजे रणथंबोर, कुनो आणि माधव यांना जोडणारे रान जनावराला ठाऊक आहे. ते रान मधल्या महसुली जमिनींतून, खाणींच्या कडेने, नाल्यांच्या काठाने जाते आणि त्याला कोणताही मानाचा दर्जा नाही. उद्यानाभोवती तेरा किलोमीटरांची दगडी भिंत बांधणे सोपे, त्यातून शिकारी व गुरे अडतीलही. मधली गावे राजी करणे कठीण, पण जैवविविधतेचा निकाल तिथे लागेल.

2003पासून आपल्या कायद्यात यासाठी सौम्य साधनेही आहेत. सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव आणि खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र घोषित करता येते. त्यात जमीन मालकाचीच राहते आणि व्यवस्थापनात गावाचे प्रतिनिधी बसतात. करैऱ्याला 1981 साली हे साधन उपलब्ध नव्हते. पण दर्जा काढून घेताना ते उपलब्ध होते आणि काळविटांच्या माळासाठी, तलावांसाठी ते वापरता आले असते. एकीकडचे क्षेत्र वगळायचे आणि दुसरीकडे तेवढेच जोडून एकूण बेरीज राखायची, हा हिशेब फायलीत बरोबर बसतो. जमिनीवर मात्र माळ गेला आणि जंगल मिळाले, आणि या दोहोंत राहणारे जीव वेगळे असतात.

हाच प्रश्न आता घाटीगावसमोर उभा आहे, आणि तो ग्वाल्हेरकरांचा अगदी घरचा आहे. तेही सोनचिरैयासाठीच 1981 साली घोषित झाले, तिथूनही पक्षी कैक वर्षांपूर्वी दिसेनासा झाला, त्याचाही काही भाग गावांच्या मागणीवरून वगळला गेला आणि तिथल्या वालुकाश्माच्या खाणी पुन्हा उघडाव्यात असा दबाव सतत असतो. ज्याच्या नावाने क्षेत्र काढले तो पक्षी नाही, मग क्षेत्र तरी कशाला, हा तर्क उद्या उरलेल्या भागालाही लावला जाईल. त्याला उत्तर पक्षी परत येईल अशा आशेने देता येणार नाही. उत्तर तिघऱ्यात आहे. सांक नदीवरचे तिघरा धरण 1916 साली बांधले गेले आणि पिढ्यानपिढ्या हे शहर त्याचे पाणी पीत आहे. त्या नदीचे पाणलोट म्हणजे घाटीगाव-तिघरा परिसरातल्या याच डोंगरांवरचे, करधई-खैराचे, दिसायला दरिद्री जंगल. ते खाणींनी पोखरले तर माती जलाशयात येईल, ओढे डिसेंबरात आटतील आणि पाण्यासाठी आपण आणखी दूरच्या नदीकडे हात पसरू.

म्हणून माझे म्हणणे असे, की घाटीगावच्या उरलेल्या क्षेत्राची घोषणा नव्याने व्हावी, आणि तिच्यात पाणलोट, करधईचे जंगल, गवताळ तुकडे, बिबट्या आणि तरस, गिधाडांचे कडे अशी सगळ्यांची नावे असावीत. दरवर्षीच्या मोजणीत बिबट्यांच्या बरोबरीने सालईची रोपे, ओढ्यात पाणी राहिल्याचे महिने आणि घरट्यांवरची गिधाडे मोजली जावीत. खासगी शेते त्यातून वगळून त्यांना समुदाय राखीव होण्याचा पर्याय द्यावा. आणि पाणलोटातल्या गावांना चराई आवरण्याचा, वणवा विझवण्याचा मोबदला ग्वाल्हेरच्या पाणीपट्टीतून मिळावा. महापालिकेची तिजोरी पाहता हे हसण्यावारी नेले जाईल, आणि पाणीपट्टीची वसुलीच धड होत नाही हा आक्षेपही खरा आहे. पण नव्या नदीवरून जलवाहिनी आणण्याच्या योजनांसाठी शेकडो कोटींचे कर्ज काढताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि त्या तुलनेत पाणलोटातल्या गावांना द्यावी लागणारी वार्षिक रक्कम फारच लहान असेल. पाणीपट्टीची ही मागणी पुढच्या अर्थसंकल्पाआधी नगरसेवकांपुढे ठेवता येते. त्यासाठी ना केंद्राची परवानगी लागते, ना परदेशातून कोणते जनावर आणावे लागते.